नेम लागला की दादाचा

वहिनी, परवा तुझ्या पिंडाला कावळा शिवला नाही, आणि मला आधी हसू आलं. तळ्याकाठी सगळे माना वर करून उभे. दादा हात जोडून, आत्या तोंडाला पदर लावून, भटजी घड्याळाकडे बघत. पलीकडच्या चिंचेवर कावळे चांगले दाटीवाटीने बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. मनात म्हटलं, कसे उतरतील? तू कोण ते आपल्या बाजूच्या कावळ्यांना पक्कं ठाऊक आहे. माणसांनी विसरायचं ठरवलं म्हणून कावळे विसरत नाहीत.

हसू तेवढंच. त्यानंतर जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि उतरायच्या आत हे लिहून काढतोय. राग दादावर आहे, माझ्यावर आहे, पण सुरुवात तुझ्यापासून करतो, कारण तू आता उलट बोलणार नाहीस. जिवंतपणी काय बोलायचीस! मीठ कमी पडलं तरी आत्याला सुनवायचीस. जिथे बोलायला हवं होतं तिथे मात्र तोंड शिवून बसलीस.

गेले काही दिवस घरात माणसं भेटायला येताहेत आणि मी एकच ऐकतोय. "किती सोशिक बाई." "कधी मान वर करून बघितलं नाही हो." मान वर केली नाही? मग चिकूवरची वटवाघळं काय खाली बघून दिसतात? "सुकेळी करावी तर तिनंच," हेही म्हणतात. ते खरं आहे. राजेळी केळी सोलून, बांबूच्या मांडवावर उन्हात वाळवून तू जी सुकेळी करायचीस तसा रंग कुणाच्या सुकेळ्यांना यायचा नाही. पण ती सुकेळी कावळ्यांच्या चोचीतून वाचायची कशी, हे त्यातल्या एकानेही सांगितलं नाही. दादाने तर नाहीच.

मी सांगतो. मांडवाच्या कडेला, नारळाच्या बुंध्याला पाठ लावून तू बसायचीस. नऊवारीचा काष्टा घट्ट, मांडीवर छऱ्याची बंदूक आणि तिच्यावर सुपारीच्या पानाची रुंद, वाळकी विरी टाकलेली, कुणी आलं तर दिसू नये म्हणून. कावळ्यांचा थवा आला की तू लगेच उचलायची नाहीस. जो आधी एकटा उतरतो, मान वाकडी करून बघतो, त्याला सोडायचीस. "तो बघायला आलाय, खायला नाही. त्याला मारलं की बाकीचे लांबून बघतात नि दुसऱ्या बाजूनं येतात. खाणाऱ्याला मारायचं, सगळ्यांच्या देखत." मग एकच कावळा पडायचा. तो तू बांबूच्या टोकाला उलटा टांगायचीस, आणि महिना महिना मांडवाकडे कुणी फिरकायचं नाही. वाडीतले बाकीचे लोक दिवसभर डबे बडवत बसायचे. तू सुकेळी परतत गुणगुणायचीस.

मी तेव्हा तिशीत होतो. नोकरी नव्हती, वाडीतच असायचो, आणि तू मला हाताशी धरलंस. म्हणजे तसं नव्हे. तुला बघायला कुणीतरी हवं होतं. हे तू कबूल केलं नसतंस. तुला फार अभिमान होता, वहिनी. घूस टिपलीस की चेहरा अगदी साधा ठेवून म्हणायचीस, "बघा भाऊजी, लागलीय का कुठं." कुठं लागली ते तुला माझ्याआधी ठाऊक असायचं.

घुशींसाठी दुसरी बंदूक. दादाच्या नावावर शेतीच्या राखणीचा परवाना होता, त्यावर घेतलेली पॉइंट टू-टू रायफल. घरात आपण तिला नुसतं 'टू-टू' म्हणायचो. केळीचे कंद घुशी आतून पोखरायच्या, उभं झाड वाऱ्याशिवाय कोसळायचं. दादाने रायफल आणली खरी, पण त्याचा हात कधी बसला नाही. बार करायच्या आधी तो डोळे मिटायचा. दोन्ही. पहिल्या पावसाळ्यात त्याने घुशीच्या बिळावर मारलेली गोळी पाणी शेंदायच्या बादलीत मिळाली. त्यानंतर टू-टू तुझ्या हातात कधी नि कशी आली, हे घरात कुणी विचारलं नाही. ती आली.

"चाप ओढायचा नसतो," तू मला शिकवलंस, "केळं पिकलंय का बघताना दाबतो तसा दाबायचा. बार झाला हे आपल्यालाही नंतर कळलं पाहिजे." कोपर गुडघ्याच्या आत. श्वास अर्धा सोडून थांबायचं. घूस अगदी पुढ्यात असेल तर नळीच्या टोकावरची माशी किंचित वर धरायची, कारण जवळून गोळी नजरेच्या खाली लागते. हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. तू एका सडक्या फणसावर मारून मारून काढलं होतंस. आणि सगळ्यांच्या वरचा नियम: "आधी मागची माती बघायची, मग जनावर बघायचं." झाडावरच्या वटवाघळावर तू टू-टू कधी चालवली नाहीस. आभाळाच्या दिशेने गेलेली गोळी कुठे उतरेल ते सांगता येत नाही म्हणायचीस. तिथे छऱ्याचीच. कामणच्या शेतावर डुकरं येतात म्हणून दादाच्या ओळखीचे लोक रायफल मागायला आले, तेव्हा आतून निरोप पाठवलास: डुकराला ही गोळी पुरत नाही, ते जखमी होऊन चार दिवसांनी दुसऱ्याच्या शेतात मरतं. बाहेर दादाने तेच वाक्य जसंच्या तसं म्हटलं. लोक म्हणाले, वा, जाणकार माणूस.

हेच ते. बार वाडीत व्हायचा, केळींच्या आड. मग थोड्या वेळाने दादा खांद्याला रायफल लावून, हातात शेपटीला धरलेली घूस घेऊन पुढच्या अंगणात यायचा. आळीतली माणसं म्हणायची, "काय नेम आहे!" आळीतल्या बायका काही म्हणायच्या नाहीत. त्यांना ठाऊक होतं. पाण्याला आल्या की तुला विचारायच्या, "आज काय मारलं गं तुझ्या नवऱ्यानं?" आणि सगळ्या मिळून हसायचात. तू सगळ्यांत मोठ्यानं.

तेव्हा मलाही ते गमतीचं वाटायचं. आज वाटत नाही. तुझी चूक तिथे सुरू झाली. तू ते हसण्यावारी नेलंस.

आता त्या दुपारचं लिहितो. हे आपण दोघं एकदाच बोललो, तेही अर्धवट.

तुळिंजहून दादाचे दोन मित्र आले होते. जेवणं झाली, पानं झाली. वाडीतल्या बावखलात, आपल्या त्या शिंपण्याच्या तळ्यात, पाणी भरपूर होतं आणि मधल्या शेवाळावर एक पाणकोंबडी चालत होती. मित्रांतला एक म्हणाला, "काय नेमबाज, नुसतं पानावर घालवता का आम्हाला? संध्याकाळची सोय तर समोर फिरतेय." दादा हसत हसत उठून स्वयंपाकघरात आला. मी तिथेच पाटावर होतो. तो हळू आवाजात तुला म्हणाला, "मागच्या दारानं जाऊन एवढं एक मारून दे."

तू भांडी घासत होतीस. वर न बघता म्हणालीस, "ती माझं काय खात नाही."

"पाहुणे आहेत."

"मग बाजारात जा. कोंबडी मिळते. आपला परवाना राखणीचा आहे, कालवणाचा नाही."

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याने खुंटीवरची टू-टू स्वतः काढली. मी मागोमाग गेलो. मित्र बावखलाच्या काठाला उभे. दादाने रायफल उचलली आणि घुटमळला. खरं सांगतो, तो घुटमळला. तुझा नियम त्यालाही ऐकून ऐकून माहीत होता. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "मागं काय आहे रे?"

आणि मी म्हणालो, "मार दादा. मागे बांध आहे."

बांध होता. बावखलाला चारी बाजूंनी मातीचा बांध असतोच. मला तुझा नियम अर्धा आला होता आणि अर्ध्यावर मी ऐट करत होतो. पाणकोंबडी आणि बांध यांच्यामध्ये पाणी होतं, सपाट, आणि पाण्यावर तिरपी आलेली गोळी आत जात नाही. पोरं खापरी फेकतात, ती टप्पे घेत जाते, तशी ती वर उडते. दादाने डोळे मिटले. बार झाला. पाण्यावर एक पांढरी रेघ उमटली, पाणकोंबडी झाडीत पळाली, आणि बांधाच्या पलीकडे बस्त्यावकाकांच्या वाडीत त्यांचा रहाट करकरत होता तो एकदम थांबला.

त्यांच्या उजव्या कोपरातून गोळी गेली होती. जिवावर बेतलं नाही, पण तो हात पुन्हा सरळ झाला नाही.

सगळ्यांत आधी बांध ओलांडून पोचलीस ती तू. ओल्या हातांनी, पदर फाडत. तू त्यांचा हात बांधत होतीस तोवर आळी जमली. आत्या धापा टाकत आली आणि तिने विचारलं, "कोणी मारली?" रायफल तेव्हा चिकूला टेकवून ठेवलेली होती, कुणाच्याच हातात नव्हती. दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "तरी मी सांगत असतो, बाईमाणसानं..."

वाक्य त्याने पुरं केलं नाही. गरजच पडली नाही. इतकी वर्षं जे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं, ते एका क्षणात सगळे बोलायला लागले. "बाईच्या हातात बंदूक दिल्यावर दुसरं काय होणार." "आम्ही म्हणतच होतो." ज्या बायका पाण्याला हसायच्या त्याही. म्हणजे नेम लागला की दादाचा आणि चुकला की तुझा. ते दोन मित्र कधी निघून गेले ते कळलंसुद्धा नाही.

तू मान वर केलीस. दादाकडे नाही बघितलंस. माझ्याकडे बघितलंस.

मी रहाटाकडे बघत राहिलो. आणि वहिनी, आता लाज उरली नाही म्हणून सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. माझं नाव कुठेच आलं नाही म्हणून हलकं वाटलं.

बस्त्यावकाकांनी तक्रार केली नाही. पिढ्यान् पिढ्यांचा शेजार. दुसऱ्या दिवशी आत्या तुला त्यांच्या दारात घेऊन गेली, तू त्यांच्या पायांवर डोकं ठेवलंस आणि ते म्हणाले, "ऊठ बाय, मी माफ केलं." दादाने रायफल विकून टाकली आणि त्याबद्दलही त्याचंच कौतुक झालं, समजूतदार माणूस म्हणून. छऱ्याची बंदूक माळ्यावर गेली. सुकेळ्यांच्या मांडवाशी तू डबा बडवत बसायला लागलीस. मला ते बघवायचं नाही. मी नोकरी शोधली ती त्यामुळेही.

मी विचारलं होतं तुला. बऱ्याच वर्षांनी, सुकेळी बांधत असताना. तू वाळल्या पानाची गाठ मारत म्हणालीस, "सुलू मोठी व्हायचीय. बापाचं नाव गेलं तर पोरीला बाहेर त्रास. आईच्या नावाला बाहेर कोण विचारतंय?"

मी चिडलो. म्हटलं, हे असलं काय बोलतेस, शाळेत तिला 'बंदूकवालीची पोर' म्हणून चिडवतात, हा त्रास नाही? तू गाठ दातांनी ओढलीस आणि म्हणालीस, "आणि 'मागे बांध आहे' असं कोण म्हणालं होतं, भाऊजी? मागच्या दारातून ऐकलं मी. ओरडणारच होते. तेवढ्यात बार झाला."

तुला ठाऊक होतं. इतकी वर्षं तुला ठाऊक होतं आणि तू मला सणाला ओवाळत होतीस. तू मलाही झाकलंस. त्यासाठी तुझे उपकार मानावेत असं लोक म्हणतील. मानतोही. आणि त्याच तोंडाने सांगतो की मी ते मागितले नव्हते. तुझ्या त्या गप्प बसण्याने तू दादाला फुकटचा भला माणूस केलंस, मला जन्माचा भित्रा करून ठेवलंस, आणि सुलूला वाटत राहिलं की आपल्या आईने निष्काळजीपणे एका माणसाचा हात घालवला. तू, जी मागची माती बघितल्याशिवाय चापाला बोट लावायची नाहीस. सुलूने एकदा माळ्यावरून छऱ्याची बंदूक काढली तेव्हा तू तिला फोडून काढलंस. ती मुकाट रडत होती. तिला वाटलं, आई घाबरते. तू घाबरत नव्हतीस. तुला परत हात लावावासा वाटेल, याची तुला भीती होती. खोटं असेल तर सांग. नाही सांगता येणार आता.

तर परवा कावळा येईना. दादा म्हणाला, "पोरीचं लग्न नीट करीन." कावळा येईना. आत्या म्हणाली, "तुझ्या तुळशीला रोज पाणी घालू." नाही. भटजींनी दर्भ हातात घेतले, कावळा आलाच नाही तर दर्भाचा करून शिववायचा म्हणून. तेवढ्यात आत्या म्हणाली, "तिच्या मनात बस्त्यावच्या हाताचंच असणार. ते पाप राहिलंय. बस्त्याव, तूच एकदा सांग तिला."

बस्त्यावकाका मागे उभे होते, टोपी काढून, वाकडा हात पोटाशी धरून. ते बिचारे पुढे आले. पिंडाकडे बघत म्हणाले, "बाय, मी तेव्हाच माफ केलंय. तू निवांत जा."

मेल्यावरसुद्धा, वहिनी! मेल्यावरसुद्धा तुला माफी मागायला लावत होते, आणि दादा हात जोडून उभा. सुलू खाली मान घालून. माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी म्हणालो, "ती गोळी वहिनीनं मारली नाही. दादानं मारली. आणि मागे बांध आहे, मार, असं मी सांगितलं. वहिनी भांडी घासत होती."

मग दादा अगदी शांतपणे म्हणाला, "ही काय वेळ आहे का?" नाही म्हणाला नाही. फक्त वेळ विचारली.

बस्त्यावकाका माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे माझी माफी भलत्या माणसाला गेली." मग म्हणाले, "ती तिनं ठेवून घेतली इतकी वर्षं. आता तुम्हा दोघांना द्यायला माझ्याकडे दुसरी नाही रे." टोपी घातली आणि तळ्याच्या कडेने निघून गेले. मी त्यांना हाक मारली नाही. ते बरोबर बोलले होते.

यानंतर कावळा शिवला असं लिहायला मला आवडलं असतं. नाही शिवला. दर्भाचाच केला.

दादा माझ्याशी बोलत नाही. सुलू त्याच्याशी बोलत नाही. म्हणजे मी बोललो त्याचा पहिला फटका पोरीला बसला, हे तू म्हणशीलच. म्हण. पण गप्प राहून तिला जे लागत होतं ते तू मोजलं नव्हतंस.

आज सकाळी ती माझ्याकडे आली. हातात माळ्यावरची छऱ्याची बंदूक, जाळ्यांनी भरलेली. "काका, आईचा नेम खरंच चांगला होता?"

"आळीत तसा कुणाचा नव्हता."

"मग मला का नाही शिकवलं तिनं?"

याचं उत्तर तू देऊन जायला हवं होतंस. मी फडकं आणि तेल शोधलं. बंदूक पुसून दोघं मागच्या अंगणात गेलो. ती नारळाखाली बसली आणि तिने कोपर गुडघ्याच्या बाहेर टेकवलं, सगळे नवशिके टेकवतात तसं. "आत घे," मी म्हणालो. "आणि चाप ओढू नको. केळं पिकलंय का बघतेस तसा दाब."

"हे बाबा म्हणायचे?"

"नाही. तुझी आई."

ते त्या अंगणात पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं. सुलूने मान हलवली आणि नळी इकडेतिकडे फिरवून बघू लागली. बावखलात एक ओंडका अर्धा बुडालेला होता, त्यावर एक डबडं अडकलेलं. तिने त्यावर नेम धरला. श्वास अर्धा सोडून थांबली. हे मी सांगितलेलं नव्हतं.

"थांब," मी म्हणालो. "मागे काय आहे?"

तिने बंदुकीवरून पलीकडे बघितलं. "बांध आहे की."

"आणि मधे?"

तिने पुन्हा बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग नळी खाली घेतली आणि बंदूक मांडीवर आडवी ठेवली, तू ठेवायचीस तशी.

"पाणी," ती म्हणाली.